दादासाहेबांचें सुरतेचें युद्धऋण

येवल्याच्या दक्षिणेस एका मजलेवर गोदातीरीं कोपरगांव आहे. येवलें थोरल्या माधवराव पेशव्यांनीं विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांस दिलें. हे विठ्ठलराव उत्तरेच्या मोहिमेंत रघुनाथरावांबरोबर होते. त्याच रघुनाथराव दादांचे अखेरचे दिवस कोपरगांवीं गेले. दादांच्या इंग्रज-स्नेहाची वासलात बहुधा फितुरी या एकाच शब्दांत लाविली जाते. त्यामागील देण्याघेण्याचा हिशेब क्वचितच मांडिला जातो.

ता. ६ मार्च १७७५ रोजीं सुरतेस तह झाला. मुंबईकर इंग्रजांनीं अडीच हजार फौज द्यावी व दादांनीं तिच्या खर्चास दरमहा दीड लाख रुपये द्यावे, असा करार होता. रोकड नव्हती, म्हणून दादांनीं सहा लाखांचें जवाहीर तारण ठेविलें आणि आमोद, हांसोट वगैरे महालांचा वसूल लावून दिला. वसई व साष्टी तर कायमचीच देऊं केली. सहा लाख म्हणजे पुऱ्या फौजेचा अवघा चार महिन्यांचा खर्च! शिवाय साष्टींतील ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं डिसेंबर १७७४ च्या अखेरीसच घेतला होता. रोखा लिहिला जाण्यापूर्वीं सावकारानें मिळकतीचा ताबा घ्यावा, हा व्यवहार स्नेहाचा खास नव्हे.

मे १७७५ मध्यें अडासची लढाई झाली. कलकत्तेकरांस मात्र हें युद्ध पसंत नव्हतें. त्यांचा वकील अप्टन पुण्यास आला व ता. १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह ठरला. त्यांत युद्धखर्चाबद्दल बारा लाख रुपये देण्याचें पुणें दरबारानें कबूल केलें. आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म येथें आहे. ज्या कारभाऱ्यांस उखडण्यासाठीं फौज उभी केली, तिचा खर्च त्यांच्याच माथीं बसला. मित्राचें देणें शत्रूच्या खातीं गेलें. पहिल्या महायुद्धानंतर युरोपीय दोस्तांनीं अमेरिकेचें कर्ज जर्मनीकडील खंडणींतून वारूं पाहिलें, तो प्रकार याहून फारसा निराळा नाहीं.

पुढें मुंबईकरांनीं दादांस पुन्हां उचलून धरिलें व जानेवारी १७७९ मध्यें वडगांवीं नामुष्की पतकरली. ता. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे राहिली. दादांस पेशव्यांनीं दरमहा पंचवीस हजार द्यावे आणि इंग्रजांनीं त्यांस आश्रय किंवा पैका देऊं नये, असें ठरलें. ही नेमणूक दादांनीं फार दिवस भोगिली नाहीं. डिसेंबर १७८३ मध्यें ते वारले.

येवलें-कोपरगांव भागांतील संग्राहकांच्या हातीं दादांच्या देण्याचा एखादा कागद आल्यास त्यांनीं प्रथम मिती पाहावी. सुरतेच्या तहापूर्वींचा रोखा व पुरंदरनंतरचा रोखा यांत कर्जदार एकच दिसला, तरी देणें कोणीं फेडावयाचें हा प्रश्न मधल्या वर्षांत पालटला होता.