व्हॉन बंधूंची थडगी

खोपोलीच्या शिळफाट्यावरून बोरघाट चढणारा जुना मुंबई-पुणे रस्ता पुढे तळेगावाजवळ येतो, तिथे रस्त्यालगत व्हॉन आडनावाच्या दोन इंग्रज भावांना पुरले आहे. ही थडगी चर्चच्या आवारात नाहीत, ती वाटेवरच आहेत. कारण त्यांची हत्याही वाटेवरचीच. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्धाला तोंड फुटले. त्याच सुमारास हे दोघे भाऊ या मार्गाने प्रवास करत होते. त्यांतला एक मद्रास फौजेत कॅप्टन होता. दोघे पकडले गेले, त्यांनी हत्यार उचलले नाही, तरीही बाबाजीपंत गोखले याच्या देखरेखीखाली त्यांना फासावर लटकवण्यात आले, अशी नोंद ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे. परक्या राज्याची खूण म्हणून या थडग्यांकडे पाठ फिरवणे मला पटत नाही. मराठ्यांच्या स्वतःच्या युद्धरीतीने पाहिले तरी ही हत्या गुन्हाच ठरते.

याचा पुरावा याच रस्त्यावर, अडतीस वर्षे आधीचा आहे. १७७८ च्या अखेरीस राघोबादादाला गादीवर बसवण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज हाच घाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. तो शत्रू होता, तरी मराठ्यांनी त्याच्या शौर्यापायी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, आणि वडगाव मावळातली त्याची समाधी लोकांनी आपली मानली. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांनी शरणागती पत्करली. करार पाळला जावा म्हणून फार्मर आणि दुसरा एक स्टुअर्ट यांना ओलीस ठेवून घेतले होते. इंग्रजांनी करार मोडला, तरीही महादजी शिंद्यांनी १७८० मध्ये त्या दोघांना सुखरूप सोडले. हाती आलेल्या माणसाचा जीव घ्यायचा नाही, ही जाण दरबारात होती आणि मावळातल्या गावकऱ्यांतही होती.

यावर कोणी म्हणेल, १८१७ साली राज्यच बुडायला आले होते, तेव्हा जुन्या रीती कशा टिकणार? पण त्याच धुमाळीत हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारीही पेशव्याच्या लोकांच्या हाती लागले होते. त्यांना आधी कांगोरी किल्ल्यावर आणि नंतर वासोट्यावर कैदेत ठेवले, आणि एप्रिल १८१८ मध्ये वासोटा पडला तेव्हा ते जिवंत सुटले. म्हणजे तुरुंगाचा मार्ग खुला होता. तळेगावला तो नाकारला गेला. पुढे ओलीस म्हणून उपयोगी पडतील, या हिशेबाने हंटर-मॉरिसनना राखले असेलही. तो हिशेब व्हॉन बंधूंनाही लागू होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: असल्या हत्यांचा उपयोग इंग्रजांनी सगळ्या पेशवाईला रानटी ठरवण्यासाठी केला. हे खरेच आहे. फाशी देववणाऱ्याची जात डफ आवर्जून सांगतो, जणू अपराध त्या जातीचाच. हा आरोप फेटाळायलाच हवा, पण त्यासाठी हत्या झाकण्याची गरज नाही. हंटर-मॉरिसनना महिनोन्‌महिने जिवंत ठेवणारे किल्लेदारही पेशव्याचेच चाकर होते.