‘कॅसिनो रॉयल’ची पहिली आवृत्ती

* इयान फ्लेमिंगची ही पहिली बाँड-कादंबरी लंडनच्या जोनाथन केप यांनी एप्रिल १९५३ मध्ये काढली. छापल्या अवघ्या ४,७२८ प्रती. त्यांतल्या पुष्कळशा ग्रंथालयांत गेल्या, म्हणजे शिक्के, चिठ्ठ्या आणि फाटकी पानं आलीच. शीर्षकपानाच्या मागे १९५३ साल दिसलं की विकणारे ‘पहिली आवृत्ती’ म्हणून मोकळे होतात. पण त्याखाली दुसऱ्या मुद्रणाची ओळ नाही ना, ते पाहावं. दुसरं मुद्रण त्याच वर्षी मे महिन्यात निघालं होतं. काळी कापडी बांधणी आणि तिच्यावरचं लाल बदाम ही पुढची खूण. खरी मेख मात्र वेष्टनात आहे. त्याची कल्पना खुद्द फ्लेमिंगची. आतल्या पुढच्या घडीवर ‘संडे टाइम्स’चा अभिप्राय छापलेला असेल, तर ते वेष्टन नंतरचं, मग आतलं पुस्तक कितीही अस्सल असो. घडीचा कोपरा कापून साडेदहा शिलिंगांची किंमत उडवलेली असली, तरी भाव उतरतो. वेष्टनाविना प्रत फारच स्वस्तात जाते, म्हणूनच नंतरचं किंवा चक्क नक्कल केलेलं वेष्टन चढवण्याचे उद्योग चालतात. अमेरिकेतली मॅकमिलनची १९५४ ची प्रत ही तिथली पहिली, एवढंच. मूळ लेखात संग्राहकाने ‘पहिली’ म्हणून मिरवलेल्या प्रतीच्या वेष्टनाबद्दल चकार शब्द नाही, हे आम्हांला खटकतं. — संपा.