कळतं पण वळत नाही : कॉलेजच्या वयातली मुलं धोका का पत्करतात? मानसशास्त्र काय सांगतं आणि घरच्यांनी काय करावं

विनाहेल्मेट ट्रिपल सीट, बंधाऱ्याच्या भिंतीवरून उडी, मोबाइलवर पैसे लावून खेळ, मित्रांच्या नादानं गुटखा नाहीतर दारू. तालुक्याच्या गावी कॉलेजला जाणाऱ्या मुलांबद्दल या तक्रारी गावोगावी ऐकायला मिळतात. "एवढं शिकतंय, पण अक्कल नाही," असं म्हणून विषय तिथंच संपवला जातो. मानसशास्त्राचे अभ्यास मात्र वेगळं सांगतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला निवांत बसवून विचारलं, तर धोका कशात आहे हे तो मोठ्या माणसाइतकंच नीट सांगतो. ऐन वेळी, मित्रांच्या घोळक्यात किंवा जोशात असताना तेच डोकं चालत नाही. म्हणजे अडचण अकलेची कमी आणि संयमाची जास्त आहे.

हा फरक समजला तर रागावण्यात जाणारी ताकद योग्य ठिकाणी लावता येते.

मेंदूत नेमकं काय चालतं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी या वयाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांची मांडणी सोपी आहे. मेंदूत दोन यंत्रणा काम करतात. मजा, बक्षीस, कौतुक याकडे ओढणारी एक, आणि "थांब, पुढचा विचार कर" असं सांगणारी दुसरी. पहिली यंत्रणा वयात येतानाच जोर धरते. दुसरी, म्हणजे कपाळामागचा मेंदूचा भाग, पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं.

गाडीच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅक्सिलरेटर आधी बसवला जातो आणि ब्रेक नंतर घट्ट होतो. कॉलेजची सगळी वर्षं या मधल्या काळातच येतात. याचा अर्थ ब्रेक नसतोच असं नाही. शांत असताना तो लागतो, पण जोशात, रागात किंवा मित्रांसमोर कमी पडतो.

मित्र बघत असले की काय बदलतं?

स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांचा २००५ मधला प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. ३०६ जणांना कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की अजून थोडं पुढं रेटायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं होतं. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी मित्र होते. मित्र सोबत असताना धोका घेण्याचं प्रमाण वाढलं. १३ ते १६ वयाची मुलं आणि १८ ते २२ वयाची कॉलेजची मुलं यांच्यात ही वाढ मोठ्या माणसांपेक्षा जास्त होती.

२०११ मध्ये असाच प्रयोग मेंदूचं स्कॅनिंग करून झाला. मित्र बघतायत एवढं कळताच किशोरवयीन मुलांच्या मेंदूतला बक्षिसाचा भाग जास्त जागा झाला. मोठ्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही.

गावातलं चित्र यापेक्षा वेगळं नाही. एकटा असताना चाळीसच्या वेगानं जाणारा मुलगा मागं दोघं बसले की ऐंशीवर जातो. विहिरीत उडी मारताना काठावर कोणी तरी व्हिडिओ काढत असतं. मित्रांनी "मार उडी" म्हणायचीही गरज नसते. ते बघतायत, एवढंच पुरेसं असतं. रीलच्या जमान्यात तर बघणारे समोर असावे लागत नाहीत. ते फोनमध्येच असतात.

"मला काही होत नाही" हे कुठून येतं?

नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांना ४२ घटनांची यादी दिली. चांगली नोकरी, स्वतःचं घर, आजार, अपघात अशा गोष्टी त्यात होत्या. आपल्या वर्गातल्या इतरांच्या तुलनेत आपल्या बाबतीत हे घडण्याची शक्यता किती, असं विचारलं होतं. बहुतेकांनी चांगल्या गोष्टी आपल्याला जास्त मिळतील आणि वाईट गोष्टी इतरांच्या वाट्याला येतील असं धरलं. सगळेच सरासरीपेक्षा नशीबवान असू शकत नाहीत, हे उघड आहे.

त्यात अनुभवही फसवतो. विनाहेल्मेट शंभर वेळा गेलं आणि काही झालं नाही, की मन म्हणतं, "बघ, काही होत नाही." अपघाताला मात्र एकच वेळ पुरते. हेल्मेटबाबत जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा असं सांगतो की, दुचाकीच्या अपघातात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा माहीत असूनही हेल्मेट खुंटीलाच लटकत राहतं. कारण तो आकडा "इतरांसाठी" आहे असं वाटतं.

"सगळेच करतात", खरंच?

प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल अभ्यास केला. तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना मनातून जास्त पिणं खटकत होतं, पण बाकीच्यांना ते चालतं असा प्रत्येकाचा समज होता. म्हणजे बरेच जण मनातून नाराज, आणि प्रत्येकाला वाटतं नाराज आपण एकटेच. पुढच्या काही महिन्यांत मुलांनी आपलं मत त्या चुकीच्या समजाकडे झुकवलं.

हॉस्टेलवर किंवा टपरीवर पहिली पुडी हातात घेणाऱ्या मुलाचं असंच होतं. नाही म्हटलं तर चिडवतील, ही भीती खरी असते. पण त्याच घोळक्यात आणखी दोघं मनातून नाही म्हणत असतात. एकानं "मला नको" म्हटलं की त्यांनाही बोलायला जागा मिळते.

खुमखुमी वेगळी, उतावीळपणा वेगळा

मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी नवं, थरारक काही करण्याच्या ओढीचा अभ्यास केला. अशी ओढ काहींच्यात जास्त असते आणि ती वाईटच असते असं नाही. कबड्डी, कुस्ती, ट्रेकिंग, पोलीस भरतीची तयारी यात तीच खुमखुमी कामी येते.

उतावीळपणा म्हणजे विचार न करता लगेच करून टाकणं. खुमखुमीला रस्ता लागतो, उतावीळपणाला सवय आणि मर्यादा लागतात. दोन्हीला एकच औषध दिलं, म्हणजे फक्त घरात कोंडून ठेवलं, तर खुमखुमी लपून बाहेर पडते.

मोबाइलवरचा जुगार : फक्त लोभ नाही

पैसे लावायच्या खेळात बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसतं. मानसशास्त्रात हे जुनं सत्य आहे की, अधूनमधून आणि अचानक मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात पक्की लावतं. त्यात "थोडक्यात हुकलं" हा प्रकार असतो. हरलेला माणूस जिंकता जिंकता राहिलो असं समजून पुन्हा खेळतो. मग हरलेले पैसे काढण्यासाठी आणखी पैसे लावले जातात, आणि मित्रांची उधारी किंवा लोन अ‍ॅप सुरू होतं. फीचे पैसे, बियाण्याचे पैसे, बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे असे एकेक करून जातात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यामुळे फसलेल्या मुलानं घरी सांगायला किंवा तक्रार करायला घाबरू नये. लिंक पाठवून "डाउनलोड कर" म्हणणाऱ्या अ‍ॅपपासून मात्र लांबच राहावं.

पैशाची चणचण आणि झोप यांचाही हात

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा आहे. ऊस तुटून पैसे हाती यायच्या आधी आणि नंतर, अशी त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची आणि लक्ष देण्याची चाचणी घेतली. चणचणीच्या काळात त्यांचे गुण कमी आले, पैसे आल्यावर वाढले. माणूस तोच, पण काळजीनं डोक्यातली जागा अडवली होती.

हे विद्यार्थ्यालाही लागू पडतं. फी थकलेली, रूमचं भाडं बाकी, घरी कर्ज आणि रात्री दोनपर्यंत मोबाइल. अशा डोक्याकडून सकाळी मोठ्या संयमाची अपेक्षा करणं अवघड आहे. अपुऱ्या झोपेनं राग आणि उतावीळपणा दोन्ही वाढतात.

संयम जन्मजात असतो का?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांवर संशोधकांनी जन्मापासून लक्ष ठेवलं. २०११ मध्ये टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. लहानपणी संयम कमी असलेल्यांना वयाच्या ३२ व्या वर्षी तब्येतीच्या, व्यसनाच्या, पैशाच्या आणि गुन्ह्यांच्या अडचणी जास्त होत्या. यातलं बरंचसं नुकसान किशोरवयात केलेल्या चुकांमुळे झालं होतं. उदाहरणार्थ, लवकर सिगारेट, शाळा सोडणं. आशेची बाजू अशी की, वाढत्या वयात ज्यांचा संयम सुधारला त्यांचं पुढं बरं झालं.

वॉल्टर मिशेल यांचा गोळीचा प्रयोगही प्रसिद्ध आहे. चार वर्षांच्या मुलाला सांगायचं, आत्ता खाल्ली तर एक गोळी, थांबलास तर दोन. जी मुलं थांबली, त्यांनी दात-ओठ खाऊन धीर धरला नव्हता. त्यांनी तोंड फिरवलं, गाणी म्हटली, गोळी नजरेआड केली. पुढं २०१८ मध्ये जास्त मुलांवर हा अभ्यास पुन्हा झाला. तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर या चाचणीचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच कमी दिसला. म्हणजे घराचं आणि भोवतालचं वजन मोठं आहे.

आणखी एक गोष्ट. २०१३ मधल्या अशाच प्रयोगात आधी शब्द मोडणाऱ्या माणसासमोर मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली, शब्द पाळणाऱ्यासमोर बारा मिनिटं. घरात दिलेला शब्द पाळला जात असेल, तरच "नंतर मिळेल" यावर पोरगं विश्वास ठेवतं.

मुलांनी काय करावं?

• मोहाशी झगडण्यापेक्षा त्याला दूर ठेवा. पैशाचे खेळ, लोन अ‍ॅप फोनमधून काढा. यूपीआयचं खातं वेगळं ठेवून त्यात थोडेच पैसे ठेवा.
• "जर-तर" आधीच ठरवा. "जर कोणी ट्रिपल सीट म्हणालं, तर मी एसटीनं येतो म्हणेन." पीटर गोल्विट्झर आणि पॅस्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा आढावा घेतला. नुसत्या निश्चयापेक्षा अशी ठरवलेली वाक्यं जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं.
• हेल्मेट किल्लीजवळच टांगा.
• रागात किंवा हरल्यावर दहा मिनिटं काहीच ठरवू नका.

घरच्यांनी काय करावं?

• पोरगं शांत असताना बोला. चारचौघांत अपमान केला तर ते लपवायला शिकतं.
• "कुठं होतास?" यासोबत "कोणाबरोबर, परत कसा आलास?" हेही सहज विचारत राहा.
• "रात्री कितीही वाजू देत, प्यायलेल्याच्या गाडीवर बसू नको. फोन कर, मी येतो, त्या रात्री बोलणार नाही." हा शब्द द्या आणि पाळा.
• वडील स्वतः विनाहेल्मेट जात असतील, तर उपदेश वाया जातो.
• परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

घरातून पैसे गायब होणं, सारखी उधारी, रात्रभर जागरण, मित्र आणि जेवण दोन्ही तुटणं, कॉलेज बुडवणं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "आता काही उपयोग नाही" असं बोलणं. शेवटची वाक्यं ऐकली तर पोराला एकटं सोडू नका. कर्ज फेडता येतं, हे त्याला त्याच दिवशी स्पष्ट सांगा.

मदत कुठे मिळेल?

• मानसिक त्रासासाठी टेलि-मानस : १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही)
• व्यसनमुक्तीसाठी : १४४४६
• ऑनलाइन पैशाची फसवणूक : १९३०
• रुग्णवाहिका : १०८
• तातडीची मदत : ११२
• जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही तपासणी आणि समुपदेशनाची सोय असते.

हे वय कायम राहत नाही. ब्रेक हळूहळू घट्ट होतोच. तोवर मुलगा धडधाकट राहावा, त्याच्या डोक्यावर कर्ज आणि अंगाला व्यसन नसावं, एवढं सांभाळलं तरी घरानं मोठं काम केलं.