धोका उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला?

लस आणि घराबाहेर पडणे यांचा संबंध साताऱ्याकडच्या औंधच्या मुलखाला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत सातारा जिल्ह्याने त्याचा जबर तडाखा सोसला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव मोकळे करीत आणि शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण ती लस प्रत्येकाला तारत नव्हती आणि तिचा जोर काही महिनेच टिके. म्हणून टोचणी घेऊनही गाव सोडणे शहाणपणाचे होते. रोग उंदरांवरच्या पिसवांतून, म्हणजे घरातूनच येत होता. मोकळा माळ सुरक्षित होता.

आज कुत्र्याच्या पिल्लाला लशी पुऱ्या होईपर्यंत बाहेर नेऊ नका, असे डॉक्टर सांगतात. सल्ला उलटा वाटतो, पण त्यामागचा विचार तोच आहे: रोग जिथे राहतो तिथून जीव दूर ठेवायचा. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत उतरतो आणि तिथे महिनोन्‌महिने तग धरतो. इथे धोका अंगणापलीकडच्या वाटेवर आहे. पहिली लस दिली की काम झाले, असेही नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्ये पिल्लाला राखतात, पण लशीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत मात्रा द्याव्या लागतात. शेवटच्या मात्रेनंतरही एक-दोन आठवडे थांबणे बरे. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर.

यावर कोणी म्हणेल, माण-आटपाडीकडच्या धनगरांची कुत्री मेंढवाड्याच्या कडेला लशीविनाच वाढली. खरे आहे, पण आपल्याला दिसली ती जगलेली कुत्री, दगावलेल्या पिल्लांची नोंद कुणी ठेवली? शिवाय कुत्र्यांचा पार्व्हो जगासमोर आला तो १९७८च्या सुमारास. त्याआधीचा जुन्या पिढीचा अनुभव या रोगाबद्दल काहीच सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लाने माणसे, आवाज, गर्दी पाहिली नाही, तर ते पुढे भित्रे किंवा चावरे होते. हा धोका खराच आहे. पण म्हणून पिल्लाला मातीत सोडायला नको. उचलून घेऊन बाजार, एसटी स्टँड दाखवावा, लस झालेल्या निरोगी कुत्र्यांशी खेळू द्यावे, जिथे भटकी कुत्री येत नाहीत अशा अंगणात फिरवावे. प्लेगच्या काळात माणसांनी गाव सोडले, माणुसकी सोडली नाही. पिल्लालाही रस्त्यापासून दूर ठेवावे, जगापासून नव्हे.