सामायिक उष्णतेची वाटणी : जर्मनीतील बहुसदनिका इमारती आणि इंधनबचतीचा प्रश्न

एकाच इमारतीत अनेक कुटुंबे राहतात आणि त्या सर्वांना ऊब पुरविणारी भट्टी तळघरात एकच असते, तेव्हा इंधनाची बचत हा निव्वळ यंत्रशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो प्रथम हिशेबाचा आणि त्या हिशेबातूनच पुढे न्यायाचा प्रश्न होतो. स्वतःची शेगडी स्वतः पेटविणाऱ्या गृहस्थाला आज कोळसा किती जळला हे बादलीकडे पाहूनच समजते. सामायिक व्यवस्थेत मात्र खिडकी सताड उघडी टाकून खोली तापविणाऱ्याचा खर्च सर्व बिऱ्हाडांत विभागला जातो, आणि काटकसर करणाऱ्याचा लाभही तसाच विभागला जाऊन त्याच्या स्वतःच्या पदरी नगण्य अंश पडतो. अशा स्थितीत लोकांनी बचत केली नाही, तर तो त्यांच्या स्वभावाचा दोष मानता येत नाही. वाटणीच्या नियमाचाच तो परिणाम होय. या नियमाचा इतिहास अभ्यासण्यास जर्मनीसारखा दुसरा देश क्वचितच सापडेल. एकाच समाजाचे दोन भाग चाळीस वर्षे दोन निराळ्या हिशेबपद्धतींखाली राहिले आणि १९९० नंतर ते पुन्हा एका नियमाखाली आले, हे त्याचे कारण.

मध्यवर्ती तापव्यवस्थेचे शास्त्र जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठीय विषय बनले. बर्लिननजीक शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यालयात १८८५ साली हेर्मान रीत्शेल यांची उष्णता व वायुवीजन या विषयाच्या अध्यासनावर नेमणूक झाली. १९०० साली ड्रेस्डेन येथे एका केंद्रातून अनेक सार्वजनिक इमारतींना वाफ पुरविणारे उष्णताकेंद्र सुरू झाले. त्यापूर्वी १८७७ मध्येच अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली यांनी जमिनीखालील नळांतून घरोघर वाफ पोहोचविण्याचा व्यवसाय आरंभिला होता. तथापि सर्वसामान्य जर्मन कुटुंब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खोलीतील शेगडीवरच ऊब घेत असे. महायुद्धोत्तर पुनर्बांधणीत आणि विशेषतः स्वस्त खनिज तेलाच्या काळात पश्चिम जर्मनीत नळ व रेडिएटर यांची सामायिक व्यवस्था सर्वत्र पसरली. तिचा खर्च बहुधा सदनिकेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जाई. तेल स्वस्त होते तोवर या पद्धतीतील विसंगती कोणास फारशी बोचली नाही.

वास्तविक खरा वापर मोजण्याचे साधन तोवर उपलब्ध नव्हते असे नाही. डेन्मार्कमध्ये १९२०च्या दशकातच एक साधे उपकरण प्रचारात आले होते. रेडिएटरच्या अंगावर एक लहान काचनळी बसवावयाची; तीत हळूहळू उडून जाणारा द्रव भरावयाचा; रेडिएटर जितका तापलेला आणि जितका वेळ तापलेला, त्या मानाने द्रवाची पातळी खाली उतरावयाची; आणि वर्षाअखेर येणाऱ्या माणसाने बाजूच्या मोजपट्टीवरील आकडा टिपून नवी नळी बसवावयाची. हे उपकरण उष्णता मोजत नाही, हे ध्यानी घेणे अत्यंत आवश्यक आहे. त्यावरील आकड्यास कोणतेही भौतिक एकक नसते. रेडिएटरचा आकार व प्रकार पाहून त्या आकड्याला गुणक लावला जातो आणि इमारतीतील सर्व आकड्यांच्या बेरजेत एका सदनिकेचा हिस्सा किती, एवढेच त्यावरून ठरते. उन्हाळ्यात रेडिएटर थंड असतानाही थोडा द्रव उडतोच. म्हणून नळी शून्याच्या रेषेपेक्षा किंचित वर भरण्याची प्रथा पडली. तेव्हा हा मीटर नसून वाटणीचा काटा होय. त्याच्या सर्व गुणदोषांचे मूळ या भेदात आहे, आणि पुढील कायद्यांतील बरीचशी गुंतागुंतही तेथूनच उद्भवली आहे.

१९७३च्या ऑक्टोबरात अरब तेल-उत्पादक राष्ट्रांनी निर्बंध जाहीर केले आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. त्या नोव्हेंबर-डिसेंबरातील चार रविवारी पश्चिम जर्मनीच्या महामार्गांवर खाजगी मोटारींना बंदी होती. त्या मोकळ्या रस्त्यांची छायाचित्रे आजही इतिहासग्रंथांत हटकून आढळतात; परंतु टिकाऊ परिणाम रस्त्यांवर न होता तळघरांत झाला. १९७६ साली ऊर्जाबचतीचा कायदा संमत झाला. त्याच्या आधारे १९७७ मध्ये नव्या इमारतींच्या उष्णतारोधनाचे नियम आले आणि १९७८ मध्ये तापयंत्रणेच्या नियंत्रणाचे. १ मार्च १९८१ पासून अमलात आलेल्या उष्णताखर्च-नियमावलीने सामायिक तापव्यवस्था असलेल्या इमारतींत प्रत्येक सदनिकेचा वापर नोंदविणे बंधनकारक केले. एकूण खर्चाचा किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग नोंदलेल्या वापरानुसार वाटावा आणि उरलेला क्षेत्रफळानुसार, असा तिचा गाभा होता. मालकाने वापरानुसार हिशेब दिला नाही, तर भाडेकरूस आपल्या हिश्शातून १५ टक्के रक्कम वजा करण्याचा अधिकार मिळाला.

संपूर्ण खर्च वापरानुसार का वाटला नाही, असा प्रश्न येथे सहज उपस्थित होतो. भट्टी, नळ व त्यांतील गळती यांचा खर्च कोणी रेडिएटर बंद ठेवल्याने टळत नाही, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक मूलभूत आहे. उष्णता भिंतीशी थांबत नाही. इमारतीच्या मध्यभागी राहणारा मनुष्य आपले रेडिएटर बंद करून बसला, तरी वरच्या, खालच्या आणि बाजूच्या बिऱ्हाडांची ऊब त्याच्या खोलीत झिरपत राहते. त्याची काटकसर ही काही अंशी शेजाऱ्यांची उष्णता फुकट घेणे असते. याउलट छपराखालच्या कोपऱ्यातील सदनिकेला तितकीच ऊब मिळविण्यासाठी कितीतरी अधिक उष्णता लागते, कारण तिच्या भिंती सर्व इमारतीसाठी थंडी अडवीत असतात. स्वित्झर्लंड व डेन्मार्क या देशांनी अशा सदनिकांना हिशेबात सूट देण्याची रीत स्वीकारली. जर्मनीने ती स्वीकारली नाही. क्षेत्रफळानुसार वाटल्या जाणाऱ्या भागातच या अन्यायाचे परिमार्जन होते असे तेथे मानले गेले. हे परिमार्जन अर्धवट आहे, हे उघड आहे.

मोजणी आली तरी हातात नियंत्रण नसेल, तर मोजणी म्हणजे केवळ दंड ठरतो. या दृष्टीने रेडिएटरवरील स्वयंचलित झडपेचे महत्त्व उपकरणाइतकेच आहे. खोलीतील हवा तापताच झडपेतील द्रव्य प्रसरण पावते आणि गरम पाण्याचा मार्ग आपोआप आवळते. डेन्मार्कमधील माड्स क्लाउसेन यांच्या डॅनफॉस या कारखान्याने १९५२ साली अशी झडप बाजारात आणली. काटा आणि झडप यांच्या जोडीने पश्चिम जर्मनीत जी बचत साधली ती साधारणतः १५ ते २० टक्के सांगितली जाते. तीत झडपेचा वाटा किती आणि बिलाच्या धाकाचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही.

पूर्व जर्मनीत याच काळात नेमकी उलट स्थिती होती. १९७३ साली तेथील शासनाने १९९०पर्यंत घरांचा प्रश्न सोडविण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि काँक्रीटच्या तयार फलकांच्या इमारती प्रचंड प्रमाणात उभ्या राहू लागल्या. या वसाहतींना दूरच्या केंद्रातून गरम पाणी येई. ऊब ही सामाजिक हक्काची वस्तू मानली गेली. तिचा आकार ठरावीक व नाममात्र असे आणि वापराशी त्याचा संबंध नसे. एकच उभा नळ मजल्यामागून मजले पार करीत जाई आणि रेडिएटरला बहुधा स्वयंचलित झडप नसे. खोली फार तापली की खिडकी उघडणे हेच नियंत्रण. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाने तेलाचा पुरवठा कमी केल्यावर या राज्याला लिग्नाइट कोळशावर अधिकच विसंबावे लागले. आकाश धुराने काळवंडले; खिडक्या मात्र उघड्याच राहिल्या. या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे. परंतु थंडीत कोणाही वृद्धाला बिलाच्या भीतीने रेडिएटर बंद करून बसावे लागत नव्हते, ही तिची दुसरी बाजू इतिहासकाराने नोंदविली पाहिजे.

एकीकरणानंतर पश्चिमेची नियमावली पूर्वेस लागू झाली आणि जुन्या इमारतींत उपकरणे बसविण्यास १९९५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. झडपा आल्या, भिंतींवर रोधक थर चढले, वापर घटला. त्यातून एक अनपेक्षित संकट मात्र उद्भवले. एकनळी पद्धतीत उघड्या नळातून इतकी उष्णता बाहेर पडते की रेडिएटर न उघडताही खोली उबदार राहते; आणि काटा असतो तो रेडिएटरवर, नळावर नव्हे. बहुतेक बिऱ्हाडे नळाच्या उबेवर राहिली आणि त्यांच्या काट्यावर जवळजवळ काहीच उमटले नाही. इमारतीतील एकूण आकड्यांची बेरीज अल्प झाल्यामुळे एकेका आकड्याची किंमत भरमसाट वाढली. मग कोपऱ्यातील सदनिकेत राहणारा, दिवसभर घरी असणारा आजारी किंवा वृद्ध मनुष्य रेडिएटर उघडी की सर्व इमारतीच्या खर्चाचा मोठा भाग त्याच्या माथी बसे. न्यायासाठी आणलेला काटा असा अन्यायाचे साधन बनला. २००९ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने नळातून मिळणारी उष्णता मान्य तांत्रिक नियमांनुसार हिशेबात धरण्यास मुभा दिली, आणि जर्मन अभियंता संघटनेने त्याच वर्षी त्याची पद्धत मांडणारे पत्रक काढले. परंतु नियमावलीतील शब्द ‘उघडे नळ’ असे होते. नळ भिंतीच्या गिलाव्यात वा फरशीखाली दडलेले असतील तर ही सवलत लागू होत नाही, असा निर्णय जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. उष्णतेला गिलाव्याचे बंधन नसले तरी शब्दाला असते.

त्याच २००९च्या दुरुस्तीत आणखी दोन तरतुदी होत्या. १९९४च्या उष्णतारोधन मानकास न उतरणाऱ्या आणि तेल वा वायूवर चालणाऱ्या इमारतींत, नळ बव्हंशी आच्छादित असतील तर, वापरानुसार वाटा ७० टक्केच ठेवावा; आणि ज्या इमारतीची वार्षिक गरज प्रत्येक चौरस मीटरला १५ किलोवॅट-तासांहून कमी, तिला नोंदणीतून सूट द्यावी. दुसऱ्या तरतुदीचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. भिंत पुरेशी चांगली झाली म्हणजे काट्याचे प्रयोजनच उरत नाही. किंबहुना मोजणीचा खर्चही बचतीतूनच जातो; २०१७ मध्ये जर्मनीच्या स्पर्धा-नियामकाने या सेवेची बाजारपेठ मोजक्याच कंपन्यांच्या हाती असल्याचा निष्कर्ष काढला होता.

पण भिंत सुधारावयाची ती मालकाने, आणि तिचा लाभ बिलात दिसावयाचा तो भाडेकरूस. सामायिक उष्णतेतील हा सर्वांत जुना पेच. १९७८ पासून मालकास सुधारणेच्या खर्चाचे ११ टक्के दरवर्षी भाड्यात वाढविता येत असत. बचतीपेक्षा भाडेवाढ अधिक, अशा तक्रारी मोठ्या शहरांत वाढल्यावर २०१९ पासून हे प्रमाण ८ टक्क्यांवर आणले गेले. २०२१ मध्ये तापइंधनावर कार्बनचा आकार टनामागे २५ युरो असा सुरू झाला आणि पहिली दोन वर्षे तो पूर्णतः भाडेकरूच्या माथी पडला. १ जानेवारी २०२३ पासून मात्र त्याची वाटणी इमारतीच्या अवस्थेनुसार दहा पायऱ्यांत होऊ लागली. वर्षाला चौरस मीटरमागे १२ किलोग्रॅमहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या घरात सर्व आकार भाडेकरू देतो. ५२ किलोग्रॅम व त्याहून अधिक सोडणाऱ्या घरात ९५ टक्के आकार मालकाला द्यावा लागतो.