घडत्या क्षणाचा साक्षीदार : मरे वॉकर

धावत्या समालोचनाचा विषय निघाला की आपल्याकडे संजयाचे नाव हटकून घेतले जाते. धृतराष्ट्राजवळ बसून कुरुक्षेत्रावरील युद्ध सांगणारा संजय हा जगातील पहिला समालोचक, असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु भीष्मपर्व लक्षपूर्वक वाचणारास एक गोष्ट ठाऊक असते. संजय रणभूमीवरून परततो तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊन. आणि ती ऐकून व्याकूळ झालेला राजा प्रश्न करू लागतो, तेव्हा कोठे तो आरंभापासूनचा वृत्तांत सांगावयास घेतो. गीता त्याच्या मुखातून येते त्या वेळी युद्धाचे दहा दिवस उलटून गेलेले असतात. व्यासांनी दिलेली दिव्यदृष्टी त्याच्याजवळ होती, आणि पुढे काय घडले याचे ज्ञानही होते. आजच्या समालोचकाजवळ या दोहोंपैकी काहीच नसते. त्याला जे दिसते तेच, दिसते त्याच क्षणी, लाखो लोकांच्या कानांवर घालावयाचे असते. आणि एकदा उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही.

कायद्याच्या अभ्यासकास या प्रसंगात एक ओळखीचे तत्त्व दिसेल. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सहसा ग्राह्य धरली जात नाही. तथापि १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या सहाव्या कलमाने याला एक महत्त्वाचा अपवाद केला होता, आणि तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तरी त्यातही हे तत्त्व कायम राहिले आहे. घटना घडत असतानाच किंवा तिच्या इतक्या लगत, की त्या घटनेचाच भाग ठरावेत, असे जे शब्द बघ्याच्या तोंडून निघतात ते पुराव्यात घेता येतात. त्या क्षणी मनुष्याला बनाव रचण्यास अवसर नसतो, ही त्यामागील धारणा होय. असे शब्द चुकीचे असू शकतील. पण ते कृत्रिम नसतात. इंग्लंडचे मोटारशर्यतींचे समालोचक मरे वॉकर यांनी सुमारे अर्धशतक ज्या प्रकारची साक्ष दिली, तिचे मोल ठरवावयाचे तर हीच कसोटी लावावी लागेल.

वॉकर यांचा जन्म १० ऑक्टोबर १९२३ रोजी बर्मिंगहॅम येथे झाला. त्यांचे वडील ग्रॅहम वॉकर हे नामांकित मोटारसायकलस्वार होते. आयल ऑफ मॅन या बेटावरील डोंगरी रस्त्यांवर जी विख्यात टी. टी. शर्यत होते, तिच्यातील एका वर्गाचे विजेतेपद त्यांनी १९३१ साली मिळविले होते. पुढे ते मोटारसायकलविषयक एका नियतकालिकाचे संपादक व बी. बी. सी. चे समालोचक झाले. अशा घरात वाढलेल्या मुलास इंजिनाचा आवाज हा घरगुती आवाज वाटावा यात नवल नाही. मात्र यौवनाची पहिली वर्षे महायुद्धाने घेतली. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते रॉयल स्कॉट्स ग्रेज या पलटणीत दाखल झाले, रणगाड्याचे अधिपत्य करीत जर्मनीतील राइक्सवाल्डच्या लढाईत उतरले, आणि कॅप्टनच्या हुद्द्यावरून लष्करातून बाहेर पडले. मृत्यू जवळून पाहिलेला हा मनुष्य होता, हे त्यांच्या पुढील उत्साही स्वराकडे पाहताना विसरता कामा नये.

१९४८ साली शेल्सली वॉल्श येथील चढणीच्या शर्यतीत त्यांना ध्वनिक्षेपकावर बोलण्याची संधी मिळाली. लगेच पुढल्या वर्षी, मे १९४९ मध्ये, सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रांप्रीच्या वेळी बी. बी. सी. च्या नभोवाणीसाठी ते एका वळणावर उभे होते. जॉन बोल्स्टर यांची मोटार त्यांच्या डोळ्यांसमोर उलटली आणि चालक बाहेर फेकला गेला. तो मेलाच, असे वॉकर यांना वाटले. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या त्या नवख्या समालोचकाने काय म्हणावे? बोल्स्टर मार्गाबाहेर गेला, एवढेच त्यांनी सांगितले. बोल्स्टर गंभीर जखमी झाले होते. पण ते वाचले, आणि पुढे स्वतःही लेखक व समालोचक म्हणून नावारूपास आले. मनाला जे वाटले ते न सांगता डोळ्यांना जे दिसले तेवढेच सांगावे, हा साक्षीचा पहिला नियम वॉकर यांच्याकडून पहिल्याच परीक्षेत पाळला गेला. तो विचाराने पाळला की केवळ गडबडून, हा प्रश्न येथे गौण आहे.

त्यानंतर १९६२ मध्ये ग्रॅहम वॉकर यांचे निधन होईपर्यंत पितापुत्रांनी टी. टी. शर्यतींचे समालोचन एकत्र केले. पण मरे यांचा चरितार्थ या कामावर चालत नव्हता. ते जाहिरात व्यवसायात होते; आठवडाभर ग्राहकांच्या मालाची स्तुती करावयाची आणि सुटीच्या दिवशी शर्यतीच्या मैदानावर धावावयाचे, असा त्यांचा क्रम होता. बी. बी. सी. ने १९७८ पासून फॉर्म्युला वन शर्यतींचे दूरचित्रवाणीवरील दर्शन नियमित केले, तेव्हा त्यांचा आवाज घरोघर पोहोचला. जाहिरातीचा व्यवसाय त्यांनी सोडला तो १९८२ साली, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. ज्या वयात माणसे निवृत्तीचा हिशेब मांडतात, त्या वयात त्यांची खरी कीर्ती सुरू झाली.

१९८० पासून त्यांच्या शेजारी जेम्स हंट बसू लागले. हंट हे १९७६ चे जगज्जेते. पण स्वभावाने स्वच्छंदी, बेशिस्त आणि मतप्रदर्शनात निष्ठुर. वॉकर उभे राहून, हातातील टिपणांसह, जणू मोटार आपणच हाकीत आहोत अशा आवेशाने बोलत. हंट बसून, थंडपणे, एखाद्या चालकाची अब्रू दोन वाक्यांत उतरवीत. दोघांना मिळून ध्वनिग्राहक एकच देण्यात आला होता, आणि त्यावरून एकदा प्रकरण हातघाईवर येण्यापर्यंत गेले. तरीही ही विजोड जोडी तेरा वर्षे टिकली आणि शेवटी स्नेहात परिणत झाली. जून १९९३ मध्ये हंट पंचेचाळीसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले.

वॉकर यांच्या चुका हा इंग्रज प्रेक्षकांच्या विनोदाचा आवडता विषय होता. अमुक चालक आता जिंकणार असे त्यांनी म्हणावे आणि पुढल्याच क्षणी त्याची मोटार धूर सोडीत थांबावी, असे वारंवार घडे. आपण चुका करीत नाही, फक्त लगेच खोटी ठरणारी भाकिते करतो, असे ते हसत हसत म्हणत. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. तयारीच्या अभावी होणारी चूक निराळी आणि घटनेच्या वेगाबरोबर धावताना लागलेली ठेच निराळी. शर्यतीपूर्वी प्रत्येक पथकाकडे जाऊन विचारपूस करावी, चालकांची माहिती स्वहस्ते टिपून ठेवावी, हे कष्ट त्यांनी कधी चुकविले नाहीत. आणि चूक कळताच ती तेथल्या तेथे, त्याच आवाजात, ते दुरुस्त करीत. उलटतपासणीत टिकतो तो असाच साक्षीदार.

त्यांच्या साक्षीची सर्वांत कठीण वेळ १ मे १९९४ रोजी इमोला येथे आली. आदल्याच दिवशी रोलंड रॅट्झनबर्गर हा चालक तेथे मृत्युमुखी पडला होता. रविवारी सातव्या फेरीत आयर्टन सेना यांची मोटार तांबुरेल्लो वळणावरील भिंतीवर आदळली. सेना हे तीन वेळचे जगज्जेते. इटालियन यंत्रणेकडून येणारी उपचारांची जवळची दृश्ये दाखविणे बी. बी. सी. ने टाळले आणि आपल्या स्वतंत्र कॅमेऱ्यावरील दृश्ये घेतली. पडद्यावर दाखवावयास काही नाही, हाती निश्चित वार्ता नाही, मनाला मात्र पुरते कळलेले. अशा स्थितीत वॉकर यांना बोलत राहावे लागले. त्यांनी प्रसंगाचे गांभीर्य लपविले नाही आणि जे कोणी जाहीर केले नव्हते ते उच्चारलेही नाही. सेना यांच्या मृत्यूची घोषणा सायंकाळी बोलोन्याच्या रुग्णालयातून झाली. सिल्व्हरस्टोनला नवखेपणी जे घडले होते, तेच येथे पंचेचाळीस वर्षांनी पूर्ण जाणिवेने घडले.

१९९६ साली जपानमधील सुझुका येथे डेमन हिल जगज्जेते झाले. त्यांचे वडील ग्रॅहम हिल दोन वेळचे जगज्जेते होते व १९७५ मध्ये विमान अपघातात गेले होते. मुलाची मोटार अंतिम रेषा ओलांडताच, गळा दाटून आल्यामुळे आता थांबले पाहिजे, असे वॉकर यांनी सांगितले आणि ते गप्प झाले. ज्याची ख्याती अखंड बोलण्याबद्दल, त्याचे ते मौन लोकांनी विशेष लक्षात ठेवले.

पुढल्या वर्षी शर्यतींचे हक्क आय. टी. व्ही. कडे गेले, आणि वॉकरही तिकडे गेले. जुलै २००० मध्ये जर्मनीतील होकेनहाइम येथे पहिल्याच वळणावर मायकेल शूमाकर यांची मोटार बाद झाली. वॉकर यांनी नाव घेतले ते त्याच पथकातील रुबेन्स बारिकेलो यांचे. दैवाचा खेळ असा की ती शर्यत अखेर बारिकेलो यांनीच जिंकली. वृत्तपत्रांतून टीका झाली. या वेळी मात्र चूक हसण्यावारी नेण्याऐवजी वॉकर यांनी तिचा अर्थ ओळखला. साक्षीदाराची दृष्टी मंदावली की त्याने पिंजऱ्यातून स्वतःहून उतरावे, हे त्यांना कोणी निकाल देऊन सांगावे लागले नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी, अठ्ठ्याहत्तरी पूर्ण होण्यास थोडे दिवस उरले असता, अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे त्यांनी अखेरची ग्रांप्री सांगितली. तेथील जुन्या शर्यतमार्गाची एक मूळ वीट त्यांना भेट देण्यात आली. १३ मार्च २०२१ रोजी, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ज्याने मोटारींची शर्यत कधी पाहिली नाही, त्यालाही या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. एखादी दुर्घटना घडताच तिची वार्ता हातोहात पसरविण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणजे आपण सर्वच घडत्या क्षणाचे साक्षीदार झालो आहो. दिव्यदृष्टी आपल्यापैकी कोणालाच लाभलेली नाही. मग जे दिसले तेवढेच सांगावे, चुकल्यास तत्काळ कबूल करावे, आणि कोणाच्या मृत्यूची वार्ता आपल्या जिभेवरून आधी जाऊ देऊ नये, एवढी मर्यादा पाळणे तरी आपल्या हाती आहे.