सुनेला की पुखराज? सोनेरी नगीना घेताना काय पाहाल

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद): सराफ्यात अंगठीसाठी पिवळा नगीना मागितला की समोर तीन-चार खडे येतात. दिसायला सगळे सारखेच, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. फसगत होते ती इथेच.

सुनेला हा गारगोटीच्याच कुळातला पारदर्शक खडा. त्यात लोहाचा अंश असल्याने फिकट लिंबापासून मधासारख्या आणि गडद नारिंगी रंगापर्यंत छटा मिळतात. गारगोटी आपल्याला नवी नाही. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या काळ्या खडकात कोरली, त्याच खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक सापडतात. बाजारातला बराच सुनेला मात्र ब्राझीलचा असतो.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला सहसा सांगितली जात नाही. नैसर्गिक पिवळा सुनेला कमीच. बहुतेक माल म्हणजे जांभळा ॲमेथिस्ट भट्टीत तापवून पिवळा केलेला. ही फसवणूक नव्हे, जगभर चालणारी पद्धत आहे. पिवळसर अकीक तापवून लाल करतात, तसंच हे. पण मग 'नैसर्गिक रंग' म्हणून जादा पैसे का मोजायचे?

पुखराज म्हणजे पिवळा नीलम, कुरुंद जातीचा. काठिण्य 9, तर सुनेल्याचं 7. एकाच आकाराचे दोन्ही खडे तोलले तर पुखराज साधारण दीडपट जड भरतो. टोपाझ हा तिसराच खडा, काठिण्य 8. पण जोराचा ठोका बसला तर सरळ चिरतो. मराठीत पुष्कराज हे नाव दोघांनाही लावतात, त्यामुळे घोळ वाढतो. बिलावर 'पुष्कराज' एवढंच लिहून घेऊ नका, नीलम की टोपाझ की सुनेला ते स्पष्ट लिहून घ्या. शंका असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. हॉलमार्क फक्त धातूच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. वजनही कॅरेटमध्येच विचारा (1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम). रत्तीचा हिशेब दुकानागणिक बदलतो.

तसबीहसाठी लागणारा कहरुबा तर दगडच नाही, तो झाडाचा जुना डिंक. खारट पाण्यात तो तरंगतो, काच बुडते. बरंचसं प्लास्टिकही बुडतं, पण सगळंच नाही. म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

पुरुषांना सोनं वर्ज्य, म्हणून आपल्याकडे नगीना चांदीत जडवतात. सुनेला चांदीत खुलतोही छान. खड्याने नशीब फिरतं असं सांगून कुणी भाव वाढवत असेल तर खुशाल पुढच्या दुकानात जा. रोज वापरायची अंगठी कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, सुनेल्याचा रंग उतरू शकतो.